गाणं पाठवू नका, जागा दाखवा: आवडतं अकूस्टिक संगीत दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचं कसं

एकदा मी एका मैत्रिणीला माझ्या आवडत्या चाळीस रचनांची यादी पाठवली. यादी करायला दोन रविवार गेले. गिटार, सेलो, पियानो, संतूर, कोरा, सगळं अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय लाकडातून आणि तारांतून निघालेलं. तिचं उत्तर आलं, "वा! सावकाश ऐकते." वर्षभराने विचारलं तेव्हा तिने प्रामाणिकपणे सांगितलं की त्यातलं एकही ऐकलेलं नाही.

नंतर कधीतरी फोनवर बोलताना मी सहज म्हटलं, "एक गिटार आहे. दुसरं मिनिट संपता संपता वाजवणारा हात उचलतो आणि सूर तसाच लटकत राहतो. तो पुरता विझेपर्यंत पुढची तार छेडतच नाही. ऐकशील?" तिने फोन ठेवला आणि दहाच मिनिटांत परत केला. "तो सूर विझताना शेवटी थोडा थरथरतो," ती म्हणाली. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गाण्यातल्या अशा ठिकाणाला आपण "जागा" म्हणतो. गायकाने काय जागा घेतली, असं मैफलीतून उठताना लोक बोलतात. हा सगळा लेख त्या एका शब्दाभोवती आहे. चाळीस रचनांनी जे झालं नाही ते एका जागेने झालं, आणि तेव्हापासून मी रचना पाठवण्यापेक्षा जागा दाखवते. ढोल-ताशासारखं किंवा मोठ्या वाद्यवृंदासारखं संगीत ऐकणाऱ्याला स्वतःहून ओढून घेतं. एकटी गिटार किंवा एकटा सेलो तसं करत नाही. त्याचं सगळं वैभव बारीक आवाजांत असतं, म्हणून कुणीतरी बोट धरून तिथपर्यंत न्यावं लागतं. ते कसं करायचं, ते पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: ऐकण्याची सोय

गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला सुमारे 82 वेळा कंप पावते. फोनच्या इवल्याशा स्पीकरला इतका खालचा सूर पेलत नाही. तरी आपल्याला चाल कळते, कारण त्याच सुरातून निघणाऱ्या वरच्या स्वरांशांवरून मेंदू खालचा सूर ताडतो. चाल कळली म्हणून आपण ऐकलं असं समजतो. लाकडाचा घुमारा मात्र वाटेतच राहिलेला असतो. तेव्हा साधे का होईनात, इअरफोन लावा. महागाच्या मागे लागायची गरज नाही. कानात नीट बसणारे हवेत, एवढंच. सैल बसले की सगळ्यात आधी खर्ज जातो.

ॲपमध्ये "बास बूस्ट" किंवा घुमवणारे इफेक्ट चालू असतील तर बंद करा. डेटा वाचवण्यासाठी आवाजाचा दर्जा कमी ठेवला असेल तर तेवढ्यापुरता वाढवा. फार दाबलेल्या फाइलमध्ये सगळ्यात आधी बिघडतो तो तार छेडण्याचा क्षण: टणत्काराच्या किंचित आधीच एक पुसट फुसफुस ऐकू येते आणि आघाताची धार बोथट होते. तालवाद्यांच्या गर्दीत हे खपून जातं, एकट्या गिटारमध्ये नाही.

आवाजाची पातळी ठरवायची माझी एक रीत आहे. रचनेतली सगळ्यात हळू जागा ऐकू येईल इतका आवाज ठेवायचा, आणि मग हात लावायचा नाही. मोठ्या जागा मोठ्या वाटल्या तर वाटू द्याव्यात, वाजवणाऱ्याने त्या तशाच वाजवल्या आहेत. कानाला टोचेल इतकं मात्र कधीच नको.

दुसरी पायरी: तीनदा ऐका आणि वेळ टिपा

पहिल्यांदा ऐकताना काहीच करू नका. लिहू नका, थांबवू नका, नाव-गाव शोधू नका.

दुसऱ्यांदा कागद-पेन घ्या. जिथे काही हललं, कान टवकारले गेले, श्वास किंचित थांबला, तिथली फक्त वेळ लिहा. 1:12. 2:47. का आवडलं ते अजून लिहायचं नाही. लिहायला लागलात की ऐकणं थांबतं आणि पुढच्या दोन जागा हातच्या जातात.

तिसऱ्यांदा सगळी रचना ऐकायची गरज नाही. टिपलेल्या प्रत्येक वेळेच्या पंधरा-वीस सेकंद आधी जा आणि तिथून ऐका. बऱ्याचदा कळतं की मजा त्या क्षणात नव्हतीच, त्याच्या आधीच्या चार मात्रांत होती. लय किंचित मागे ओढली गेली होती, म्हणून पुढचा सूर सुटका झाल्यासारखा आला. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठून निघाली ते ऐकल्याशिवाय ती कुठे पोहोचली याचं काय कौतुक? दुसऱ्याला वेळ सांगतानाही ही आधीची पंधरा सेकंदं धरूनच सांगा.

आता कागदावर पाच-सहा वेळा असतील. त्यातली एकच निवडा. हे जड जातं. मलाही अजून जातं.

तिसरी पायरी: जे ऐकलं त्याला नाव द्या

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवावा असं माझं मत आहे. "अप्रतिम", "काळजाला भिडलं", "शब्दच नाहीत" हे खरं असतं, पण त्यातून समोरच्याला काय ऐकायचं ते कळत नाही. संगीताचं शिक्षण नसलं तरी चालेल. पाच-सहा गोष्टींकडे लक्ष द्यायची सवय लागली की शब्द आपोआप सापडायला लागतात.

सुरुवात आघात आणि आस यांपासून करा. तार छेडली त्या क्षणाचा आवाज म्हणजे आघात, मागे रेंगाळतो तो सूर म्हणजे आस. गिटारवर नखाने छेडलेला सूर काचेसारखा स्वच्छ येतो, बोटाच्या मांसल भागाने छेडलेला गोलसर, प्लेक्ट्रमने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या पट्टीने, छेडलेला धारदार. पोलादी तारांची आस लांब आणि चकचकीत असते, नायलॉनची लवकर मावळते. शास्त्रीय गिटारच्या तारा पूर्वी आतड्याच्या असत. 1940 च्या दशकात युद्धामुळे त्या मिळेनाशा झाल्या आणि नायलॉन आलं. आपण ज्याला "स्पॅनिश गिटारचा मऊ आवाज" म्हणतो तो त्या नायलॉनचा आहे. एखादी रचना ऐकताना फक्त एवढंच पाहा: वाजवणारा सुरांना पूर्ण विझू देतो, की पुढच्या सुराने मागच्याला झाकतो? नुसत्या या एका प्रश्नावर तासभर बोलता येतं.

मग लाकूड. स्पेनमधल्या आंतोनियो दे तोरेस या कारागिराने आजच्या शास्त्रीय गिटारचा आकार बसवला. 1862 मध्ये त्याने एक गिटार अशी केली की तिची पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या होत्या, लाकडी होती ती मुख्यतः वरची फळी. आवाजाचा खरा प्राण त्या वरच्या पातळ फळीत असतो हे त्याला दाखवायचं होतं. हे कळल्यापासून मी गिटार ऐकताना तारेपाठोपाठ फळी ऐकायचा प्रयत्न करते. तारेचा आवाज टोकदार येतो, आणि त्याच्या मागोमाग, अगदी क्षणभराने, फळी "हूं" म्हणते. पियानोतही हे आहे, सेलोत तर फारच.

तिसरी गोष्ट मिळवणी, म्हणजे तारा कुठल्या सुरांत लावल्या आहेत ते. नेहमीच्या मिळवणीत गिटारच्या जाड तारेला षड्ज धरलं तर सहा तारा सा, म, कोमल नि, कोमल ग, प, सा अशा लागतात. डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश वादकाने 1960 च्या दशकात एक वेगळी मिळवणी रूढ केली: डी, ए, डी, जी, ए, डी. आता डी हा षड्ज धरून म्हणून पाहा. सा प सा म प सा! हसरं की उदास ते गंधारावर ठरतं, आणि इथे गंधार कुठेच नाही, म्हणून मोकळ्या तारांवर ती ना हसरी ना उदास. आणि षड्ज-पंचम सतत वाजत राहिल्याने तंबोऱ्यावर गाणाऱ्या कानाला ती पहिल्याच भेटीत ओळखीची वाटते. ज्यांना पाश्चात्त्य गिटार "आपली वाटत नाही" त्यांना मी हमखास या मिळवणीतलं काहीतरी ऐकवते. मिळवणीमागे कधी माणसाची कहाणीही असते. जोनी मिचेल या गायिकेला लहानपणी पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला, नेहमीच्या पद्धतीने तारा दाबणं अवघड होतं. तिने तारांचीच मिळवणी बदलली, अशा कितीतरी मिळवण्या शोधल्या, आणि तिच्या गाण्यांतले ते अनोखे सूरसमूह त्यातून आले.

हात ऐका. बोटांनी वाजवलेल्या गिटारमध्ये बहुतेक वेळा अंगठा खालच्या तारांवर ठेका धरतो आणि बोटं वर चाल वाजवतात. पहिली दोन मिनिटं चाल सोडून द्या, नुसता अंगठा ऐका. तो घड्याळासारखा चालतो आणि चाल त्याच्या पुढे-मागे खेळते. एलिझाबेथ कॉटन ही वादक डावखुरी होती. उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरून ती वाजवायची. त्यामुळे तिच्याकडे सगळं फिरलं: चाल अंगठ्यावर आली आणि ठेका बोटांवर. हे माहीत नसताना मला तिचं वादन नुसतं गोड वाटायचं. माहीत झाल्यावर चालीतला तो किंचित जड, ठाम दाब ऐकू यायला लागला.

आणि खोली. अकूस्टिक ध्वनिमुद्रणात वाद्याबरोबर जागेचाही आवाज येतो. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा (गिटारवरून घडवलेलं वाद्य) आणि अमेरिकन वादक राय कूडर यांची गिटार यांची 1993 साली आलेली ध्वनिमुद्रिका एका चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात मुद्रित झाली. दोघांनी त्याआधी एकत्र वाजवलेलं नव्हतं. एकाचा सूर संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो त्या मधल्या क्षणी ती खोली ऐका. भिंतींवरून परत येणारा सूर दोघांमध्ये रेंगाळतो, आणि दुसरा वादक त्याला धक्का न लावता आत शिरतो. तसंच खुर्चीची करकर, पानं उलटल्याचा आवाज, तारेवरून बोट सरकतानाची "चिर्र", वादकाचा श्वास. पियानोवादक ग्लेन गूल्ड वाजवताना गुणगुणायचा, मुद्रणात ते ऐकू येतं. काहींना हे खटकतं. मला आवडतं, कारण तिथे माणूस बसलेला आहे हे त्यातून कळतं.

नाव द्यायला शिकणं म्हणजे काय, ते मला एका तंबोऱ्याने दाखवलं. आमचे शिक्षक तंबोरा लावत होते. तार सुरात आली होती, तरी आवाज बंद डब्यातून आल्यासारखा. त्यांनी घोडीवर तारेखाली असलेला सुताचा दोरा बोटाच्या टोकाने केसभर पुढे सरकवला. छेडलं. काही नाही. अजून केसभर. छेडलं, आणि त्या एका तारेतून एकदम झुंबर हलल्यासारखे वरचे स्वर बाहेर पडले. सूर तोच होता, उंचीही तीच. "जवारी खुलली," ते म्हणाले. तोवर तो फरक मी ऐकत होते पण मला दिसत नव्हता. शब्द मिळाला आणि त्या दिवसापासून मी प्रत्येक तंबोऱ्यात, प्रत्येक सतारीत तो ऐकते.

चौथी पायरी: एकच रचना, एकाच माणसासाठी

एका वेळी एक. दोन पाठवल्या की ऐकणारा त्यांची तुलना करायला लागतो, तीन पाठवल्या की तो "नंतर" म्हणतो.

कुणाला पाठवताय त्याचा विचार करा. जो शब्दांवर प्रेम करतो त्याला निव्वळ वाद्यसंगीताने सुरुवात करून देऊ नका. आवाज आणि एक वाद्य, एवढंच असलेलं काही द्या. निक ड्रेक या इंग्लिश गायकाचा 1972 चा "पिंक मून" हा संग्रह त्यासाठी मला फार उपयोगी पडतो. एक आवाज, एक गिटार, आणि शीर्षकगीतात तेवढा थोडासा पियानो. सगळा संग्रह अर्ध्या तासात संपतो. ज्याला लय लागते त्याला कोरा द्या: एकवीस तारांचं, अर्ध्या भोपळ्यावर कातडं ताणून केलेलं पश्चिम आफ्रिकेचं वाद्य. अली फार्का तुरे आणि तुमानी जाबाते यांचं 2005 चं गिटार-कोरा वादन ऐकताना पाय आपोआप हलतो, ढोलाचा जोर नसताना.

कुठलं मुद्रण पाठवताय तेही नीट पाहा. एकाच गाण्याची स्टुडिओतली, मैफलीतली आणि "अनप्लग्ड" अशी तीन रूपं असतात आणि तुमची जागा त्यातल्या एकातच असते. "अनप्लग्ड" म्हणजे विजेची जोडणी काढलेलं, पण या शब्दावर फार भरवसा ठेवू नका. 1989 मध्ये त्या नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाल्यापासून तो शब्द सैल झाला आहे. मंचावरची अकूस्टिक गिटार बहुतेकदा घोडीखालच्या पिकअपमधून, म्हणजे तारेचा कंप विजेत बदलणाऱ्या छोट्या यंत्रातून, ऐकवली जाते. पिकअप तारेचा दाब पकडतो, फळीची हवा पकडत नाही, म्हणून आवाज थोडा रबरी, चपटा येतो. त्यात वाईट काही नाही. फक्त लाकडाबद्दल लिहून असं मुद्रण पाठवलंत तर समोरच्याला लाकूड सापडणार नाही.

फाइल कॉपी करून पाठवण्यापेक्षा रचना जिथे अधिकृतपणे ऐकता येते तिथली लिंक द्या. छोट्या वादकांच्या बाबतीत हे जास्त मनावर घ्यावं. त्यांचा तेवढाच आधार असतो. स्पीकरसमोर फोन धरून मुद्रित केलेला तुकडा तर अजिबात नको.

पाचवी पायरी: सोबतची चिठ्ठी

तीन-चार ओळी पुरेत. कुठे ऐकायचं, काय ऐकायचं, आणि तुमच्या ते का लक्षात राहिलं. मी पूर्वी लिहायचे तशी चिठ्ठी:

"हे ऐकच! वेड लागेल. आत्तापर्यंतची सगळ्यात भारी गिटार."

आणि आता लिहिते तशी:

"रात्री, इअरफोन लावून ऐक. 2:30 पासून लक्ष दे. तो तीनदा तीच ओळ वाजवतो, पण तिसऱ्यांदा शेवटचा सूर घेतच नाही. मी तो सूर मनातच म्हटला. तुझं काय होतं ते सांग."

पहिल्या चिठ्ठीत समोरच्यावर ओझं आहे. वेड नाही लागलं तर त्याने काय म्हणायचं? दुसऱ्या चिठ्ठीत एक काम आहे आणि एक खरा प्रश्न आहे. काहीही ऐकू आलं तरी त्याला उत्तर देता येतं.

पार्श्वभूमी सांगायची का, हा नाजूक प्रश्न आहे. पियानोवादक कीथ जॅरेटची 24 जानेवारी 1975 ची, जर्मनीतल्या कोलोन शहरातली मैफल घ्या. त्याला हवा होता तो पियानो मंचावर आलाच नाही; आला तो लहान, वरचे सूर पत्र्यासारखे, खर्ज कमजोर. म्हणून तो जास्त करून मधल्या सप्तकात राहिला आणि डाव्या हाताने छोट्या आवर्तनांचा ठेका धरून बसला. हे आधी सांगितलं तर ऐकणारा डावा हात ऐकतो, आणि तेच हवं असतं. वादकाच्या दुःखाची, मृत्यूची, प्रेमभंगाची कहाणी मात्र मी आधी सांगत नाही. ती सांगितली की माणूस कहाणीच ऐकतो. माझा नियम सोपा आहे: जी माहिती कानाला दिशा देते ती आधी, जी मनाला हळवं करते ती नंतर.

सहावी पायरी: दुसऱ्याने पाठवलेलं ऐकताना

ही पायरी लोक गाळतात आणि मग आपलं कुणी ऐकत नाही म्हणून खंतावतात.

कुणी काही पाठवलं की लगेच "छान" पाठवू नका. "उद्या रात्री ऐकते" असं सांगा आणि खरंच ऐका. एकदा पूर्ण, एकदा त्याने सांगितलेली जागा. मग त्या जागेबद्दल एक वाक्य लिहा, आणि त्याने न सांगितलेली एक जागा शोधून तीही लिहा. माझ्या मैत्रिणीने थरथरणाऱ्या सुराबद्दल सांगितलं होतं तसं. दाद द्यायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. नाही आवडलं तरी हेच करता येतं: "सुरुवातीची चाल मला लांबली असं वाटलं, पण 3:05 ला दुसरी गिटार आत येते तिथे मी परत गेले."

ऐकलंच नसेल तर ऐकलं म्हणू नका. संगीताच्या मैत्रीत हे एक खोटं फार लवकर उघडं पडतं.

सातवी पायरी: मतं जुळली नाहीत तर

वाद होणारच, आणि व्हावेत. "नायलॉन की पोलाद", "वेगात की संथ", "गुणगुणणं चालेल का". फक्त वाद एकाच जागेवर उभं राहून घाला. "मला जुनं मुद्रण जास्त आवडतं" यावर बोलणं पुढे जात नाही. ग्लेन गूल्डने बाख या जर्मन रचनाकाराचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स 1955 मध्ये मुद्रित केले आणि परत 1981 मध्ये. पहिलं सगळं मिळून सुमारे अडतीस मिनिटांचं, दुसरं एक्कावन्न. त्यातली नुसती सुरुवातीची आरिया, म्हणजे मूळ चाल, घ्या: 1955 ची दोन मिनिटांच्या आत संपते, 1981 ची तीन मिनिटांच्या पुढे जाते. स्वर तेच, माणूस तोच, मध्ये सव्वीस वर्षं. दोन्ही लागोपाठ ऐका आणि मग भांडा. एकाला पहिली आरिया उमदी वाटेल, दुसऱ्याला घाईची. दोघंही एकाच ओळीकडे बोट दाखवत असतील, त्यामुळे बोलण्याला बूड असेल.

तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा आहे ना हे आधी पाहा. जे किंचित मोठं वाजतं ते कानाला हटकून चांगलं वाटतं, आणि आपण "यात जास्त जीव आहे" असं म्हणून बसतो. ॲपमध्ये सगळ्या रचनांचा आवाज एका पातळीवर आणायची सोय असते, ती तेवढ्यापुरती चालू करा. नाहीतर कानाने जुळवा.

आठवी पायरी: एकत्र ऐकणं

चार ते सहा माणसं, तीन रचना, तासाभराची बैठक. याहून जास्त केलं की शेवटच्या रचनेला कान थकलेले असतात. ज्याची रचना असेल त्याने आधी फक्त जागेची वेळ सांगायची, वर्णन नाही. वाजत असताना कुणी बोलायचं नाही. संपल्यावर अर्धा मिनिट गप्प राहायचं, शेवटच्या सुराची आस त्या अर्ध्या मिनिटात असते. मग पाठवणाऱ्याने सगळ्यात शेवटी बोलायचं. तो आधी बोलला की बाकीचे त्याचंच ऐकलेलं परत सांगतात.

माणसं दूरदूर असतील तर कॉलवरून संगीत वाजवून ऐकवू नका. कॉलची व्यवस्था बोलण्यासाठी असते. लांबत गेलेला हळू सूर तिला गोंगाट वाटतो आणि ती तो कापून टाकते. नेमकी आसच जाते. त्यापेक्षा प्रत्येकाने आपापल्याकडे तीच रचना उघडून ठेवायची, एकाने "तीन, दोन, एक" म्हणायचं, सगळ्यांनी एकदम सुरू करायची आणि माइक बंद ठेवायचे. एखाद-दोन सेकंद पुढे-मागे झालं तरी काही बिघडत नाही.

वही

एक साधी वही ठेवा. तारीख, रचना, कुणाचं मुद्रण, कुणी पाठवली, वेळ आणि एक ओळ. बस्स. वर्षाने जुनं पान उघडून तीच जागा परत ऐका आणि शेजारी दुसऱ्या रंगाने आजची ओळ लिहा. माझ्या वहीत त्या पहिल्या गिटारच्या पानावर आता चार ओळी आहेत. एक माझी, "हात उचलला, सूर राहिला". एक मैत्रिणीची, थरथरीबद्दल. तिसरी परत माझी, दोन वर्षांनंतरची: ती थरथर सुराची नसून शेजारच्या न छेडलेल्या तारेची आहे, ती आपोआप कंप पावते आहे. चौथी गेल्या महिन्यात तिने फोनवर सांगितली आणि मी तशीच उतरवून घेतली: "त्याच्याही मागे खुर्ची हलल्याचा आवाज आहे. ऐक ना."